सोपी कविता आणि आपले बोलणे

मंगेश पाडगावकरांची कविता सोपी आहे, हे वाक्य आपल्याकडे जितक्या कौतुकाने उच्चारले जाते, तितक्याच किंचित तुच्छतेनेही. विंदा करंदीकर आणि वसंत बापट यांच्यासमवेत त्यांनी गावोगाव काव्यवाचन केले. कानांवर पडताक्षणी कविता कळावी, ही अट त्यांच्या उत्तरकाळातील बऱ्याच लेखनाला मानवली. ‘बोलगाणी’ हे संग्रहाचे नावच तिची साक्ष देते. त्यातील काही रचना टाळीसाठी थांबतात आणि कागदावर पातळ वाटतात, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु सोपेपणाची जात सर्वत्र एक नसते. प्रेमकवितेत लाडिक वाटणारी पुनरुक्ती ‘सलाम’मध्ये (१९७८) भेदरलेल्या सामान्य माणसाची लाचारी पायरीपायरीने वाढवीत नेते. शब्द तेवढेच साधे. वाचक मात्र अस्वस्थ होतो.

प्रेमावरील त्यांच्या सर्वांत गाजलेल्या कवितेच्या ध्रुवपदात रोजच्या बोलण्यातला एक इंग्रजी शब्द सहज येऊन बसला आहे. तेथे शुद्ध मराठी प्रतिशब्द घातला, तर अर्थ राहील. बोलणारा माणूस मात्र नाहीसा होईल. त्या शब्दाला आपण इंदूरकर मनापासून दाद देतो. आणि घरी? नातवंड ‘आजी, मला उशीर होऊन राहिला आहे’ म्हणाले, की आपण लगेच त्याचे क्रियापद सुधारतो. मुंबई-पुण्याच्या बोलण्यातील इंग्रजी आपल्याला कवितेत चालते, राजवाडा-सराफ्यावरून घरात आलेली हिंदी मात्र साध्या वाक्यातही खपत नाही. मग आपल्या घरांतील प्रेम कोणत्या भाषेत सोपे होणार?

मध्य भारतात आयुष्य घालवलेल्या भा. रा. तांबे (१८७३–१९४१) यांनी संसारातले प्रेम मराठी गीतात आणले, हे ऋण मोठेच. पण त्यांची भाषा गाण्याची. अंगणातल्या बोलण्याची नव्हे. ती जागा आपल्याकडे अजून रिकामीच आहे, असे मला वाटते.

गेल्या उन्हाळ्यात मी नातीला पाडगावकर मोठ्याने वाचून दाखवले. हिंदी माध्यमात शिकलेली ही मुलगी मराठी अक्षरे ओळखते, पण पान वाचायला कंटाळते. तिने एक कडवे ऐकले आणि लगेच आपल्या क्रियापदांत म्हणून दाखवले. यमक मोडले, लयही अडखळली. दुरुस्ती ओठांवर आली होती. मी पुढचे पान उलटले.