मॅचच्या दिवशी ‘सावध’ ड्रायव्हर का हरतो?

पार्किंगवर भौतिकशास्त्रज्ञांनी पेपर लिहिलाय म्हटलं की आधी हसूच येतं. पॉल क्रापिव्स्की आणि सिडनी रेडनर यांचा ‘जर्नल ऑफ स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स’मधला २०१९ चा पेपर मात्र मला मनापासून आवडतो. छोटा आहे, स्वच्छ आहे, आणि वाचताना मजा येते. अडचण एवढीच, की बातम्यांमधून तो ‘पार्किंग कुठे करावं याचं शास्त्रीय उत्तर’ म्हणून फिरला. म्हणून आज एक प्रश्न घेऊन तो पुन्हा वाचू या. तुमच्याकडे गहुंज्याच्या मॅचचं तिकीट आहे, गाडी घेऊन जायचंय, आणि खिशाला फार चाट लावायची नाहीये. हा पेपर तुमच्या कामाचा आहे का?

आधी पेपर काय म्हणतो ते. एकच लांबलचक रांग आहे असं समजा. रांगेच्या एका टोकाला तुमचं दार (मॉल, ऑफिस, काहीही), आणि तुम्ही दुसऱ्या टोकाकडून येताय. उभ्या गाड्यांच्या पलीकडे जागा आहे की नाही, ते तुम्हाला दिसत नाही. आता तीन प्रकारचे ड्रायव्हर. बुजरा ड्रायव्हर सगळ्यात लांबच्या उभ्या गाडीच्या मागेच गाडी लावतो आणि चालत सुटतो. आशावादी थेट दारापर्यंत जातो आणि तिथून उलटा फिरत पहिली रिकामी जागा पकडतो. सावध ड्रायव्हर मधलं धोरण धरतो: गाड्यांमध्ये पहिली फट दिसली की घुसायचं. फट सापडलीच नाही तर मात्र त्यालाही दारापासून परत मागे यावं लागतं.

चालायला आणि गाडी फिरवायला लागलेला वेळ मोजला तर सरासरीत सावध जिंकतो, आशावादी थोडक्यात हरतो, आणि बुजरा बराच मागे पडतो. बुजऱ्यांच्या रांगेचं गणित पेशींमधल्या सूक्ष्मनलिकांसारखं निघतं, टोकाला कण चिकटत जातात आणि सुटत जातात, हा पेपरमधला माझा सगळ्यात लाडका भाग. पण तो विषय परत कधीतरी.

आता फटी कुठून येतात ते बघा. पेपरमध्ये गाड्या एका ठरावीक सरासरी दराने येत राहतात, आणि उभी असलेली प्रत्येक गाडी आपापल्या वेळेला, बाकीच्यांशी काही संबंध न ठेवता निघून जाते. किरणोत्सारी अणूंसारखं: कोणता कधी फुटेल सांगता येत नाही, पण एकूण दर पक्का. म्हणजे रांग सतत भरतेय आणि सतत गळतेय. मॉलसाठी हे गृहीतक ठीक आहे. कोणी दूध घेऊन दहा मिनिटांत निघतो, कोणी सिनेमाला तीन तास बसतो.

मॅचला असं होत नाही. मॅच संपेपर्यंत जवळपास कुणीच निघत नाही. कुणी निघालं नाही, तर फट पडत नाही. मग सावध ड्रायव्हर शेवटच्या उभ्या गाडीला ओलांडून आत शिरतो, दारापर्यंत फट शोधत जातो, काही मिळत नाही, आणि परत येतो. आशावादीही तेच करतो. दोघंही शेवटी गाडी लावतात ती बुजऱ्याने पहिल्याच झटक्यात लावली असती त्याच जागी. उलट ते परत येईपर्यंत मागून आलेल्या दहा जणांनी त्या जागा घेतलेल्या असतात. थोडक्यात, त्याच मॉडेलमध्ये निघण्याचा दर शून्य केला की निकाल उलटा होतो: बुजरा पहिला.

याच लेखकांनी २०२० मध्ये ‘अर्ध्याचा नियम’ मांडला: सगळ्यात लांब उभ्या गाडीपर्यंतचं अंतर मोजा, त्याच्या बाहेरच्या अर्ध्या भागातल्या जागा सोडून द्या, आतल्या अर्ध्यात जी पहिली मिळेल ती घ्या. उपलब्ध जागांपैकी सर्वोत्तम जागा मिळण्याची शक्यता अशाने सर्वाधिक होते, आणि तरीही ती एक चतुर्थांशच. सुंदर निकाल आहे. मॅचच्या दिवशी तोही फटींच्या भरवशावरच उभा आहे.

(आणि आपल्याकडच्या मैदानांवर धोरण ठरवायची मुभा ड्रायव्हरला असते कुठे? शिट्टी घेऊन उभा असलेला माणूस सगळ्यांनाच बुजरं करून टाकतो. गणित मांडलं तर त्याचंच बरोबर निघतं.)

पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. या पेपरमध्ये खर्च म्हणजे फक्त पोचण्याचा खर्च. परत निघणं नाही आणि पैसेही नाहीत. मॅचच्या दिवशी खरा त्रास नेमका या दोन गोष्टींत असतो. समजा, स्टेडियमलगतच्या मैदानात १२०० गाड्या आहेत आणि बाहेरच्या रस्त्यावर मिनिटाला १० गाड्या सुटतायत. शेवटची गाडी निघायला दोन तास, सरासरी गाडीला एक तास. दीड किलोमीटर लांब, मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी गाडी लावली तर चालणं जाताना वीस मिनिटं, येताना वीस. हे आकडे मी समजुतीसाठी धरलेत, पण बेरीज कुठल्या बाजूला झुकते ते कळतं. जवळच्या जागेचे जास्त पैसे मोजून तुम्ही चालणं वाचवता, सुटका विकत घेत नाही. दर सांगणारा हे सांगत नाही.

पैशांचा विचार करणारा पेपर वाचायचा तर १९९१ चा वाचा: अर्नॉट, द पाल्मा आणि लिंडसी. त्यांनी विल्यम विकरी यांचं १९६९ चं ‘बॉटलनेक’ मॉडेल घेतलं. सगळ्यांना एकाच वेळी एकाच ठिकाणी पोचायचंय आणि वाटेत रस्ता अरुंद आहे, ही मूळ कल्पना. म्हणजे जवळजवळ आपली मॅचच. पार्किंग फुकट असेल तर लवकर येणारा दाराजवळची जागा घेतो, उशिरा येणाऱ्याला लांबची उरते. हे इतकं नैसर्गिक वाटतं की यात काही चुकतंय असं मनातही येत नाही. पण लेखक दाखवतात की जागेनुसार नीट दर लावले तर क्रम उलटतो: लवकर येणारे लांब लावून चालत येतात, उशिरा येणारे जवळ लावतात, आणि फार आधी येऊन ताटकळत बसण्यात जाणारा एकूण वेळ कमी होतो.

मला यातली पटणारी गोष्ट ही, की ज्याच्याकडे वेळ आहे पण पैसे कमी आहेत त्याला इथे स्वस्त जागा हक्काने मिळते. उरलीसुरली म्हणून नाही. न पटणारी गोष्ट ही, की मॉडेलमध्ये प्रत्येकाचे पाय सारखे आहेत. गुडघे दुखणाऱ्या आईला घेऊन मॅचला आलेल्या मुलाने दीड किलोमीटर चालायचं की जवळचा चढा दर भरायचा? दर वाढवायचे तर काही जवळच्या जागा दराच्या बाहेर राखून ठेवाव्या लागतील. शिवाय हा पेपर सकाळी ऑफिसला जाणाऱ्यांचा आहे, रात्रीची परतीची रांग त्यात नाही. आणि दोन्ही पेपरमध्ये दुचाकी नाही! पुणे आणि पिंपरी-चिंचवडहून येणाऱ्या गर्दीचं मॉडेल दुचाकीशिवाय करायचं म्हणजे कमालच. एका गाडीच्या जागेत चार-पाच बाइक मावतात, आणि त्यांची एकच रांग कधीच नसते.

तर गहुंज्याला जागा निवडताना स्टेडियमपासूनचं अंतर दुसऱ्या नंबरवर ठेवा. पहिल्या नंबरवर हे विचारा: या मैदानाला बाहेर पडायची तोंडं किती, आणि मला परत जायचंय त्या दिशेला ती उघडतात का? पुण्याकडे येणाऱ्याने मुंबईच्या बाजूला तोंड असलेल्या मैदानात फुकट जरी गाडी लावली तरी ती महागच पडते.

किंवा गाडी आणूच नका. बेगडेवाडी स्टेशन जवळ आहे, आणि मोठ्या मॅचेसना पीएमपीएमएल खास बस सोडत आली आहे. फक्त रात्री परतीची शेवटची बस किती वाजता, ते आधी विचारून ठेवा. लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये ५६ हजार खुर्च्या आणि भोवती १६ हजार गाड्यांची जागा आहे. एवढं डांबर अंथरूनही त्यांना युनियन स्टेशनवरून तिकीटधारकांसाठी फुकट बस चालवावी लागतेच.