शाप देणारी माणसं कुठे गेली?

इंग्रजी किशोर-कादंबऱ्यांत सध्या शापांचा सुकाळ आहे आणि शाप देणाऱ्यांचा दुष्काळ. मुंबई-पुण्यातल्या पुस्तकांच्या मोठ्या दुकानात आपली पंधरा-सोळा वर्षांची मुलं-मुली ज्या कपाटापुढे रेंगाळतात तिथली मुखपृष्ठं पाहा. काटेरी वेली, मुकुट, खंजीर, पानांच्या रंगवलेल्या कडा. मलपृष्ठावर एक शाप, एक रहस्य आणि एक देखणा, दुष्ट राजपुत्र. हा शाप दोन जिवांना चारशे पानं एकमेकांपासून लांब ठेवण्यापुरता असतो. काम झालं की तो सुटतो आणि कुणालाही त्याची आठवण राहत नाही.

स्टेफनी गार्बरच्या ‘वन्स अपॉन अ ब्रोकन हार्ट’मधला (२०२१) जॅक्स ज्या मुलीचं चुंबन घेईल ती मरते, अपवाद फक्त त्याच्या खऱ्या प्रेमाचा. हे असं का, कुणामुळे, याची त्या पहिल्या भागाला फारशी उत्सुकताच नाही. सजावट सुरेख आहे, एवढंच म्हणून पुढे जातो. ब्रिजिड केमररच्या ‘अ कर्स सो डार्क अँड लोनली’मध्ये (२०१९) सेरेब्रल पाल्सी असलेली हार्पर आहे आणि ती खरोखर जिवंत उतरली आहे. पण जिने शाप दिला ती लिलिथ फक्त छळायला येते आणि छळून जाते.

मला जास्त राग आहे तो सारा जे. मासवर, कारण तिच्या हातात चांगली गोष्ट होती. ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ (२०१५) किशोरांसाठी म्हणून आली आणि २०२० साली नवी मुखपृष्ठं चढवून प्रौढांच्या कपाटात गेली. तरी वाचणाऱ्या मुली त्याच राहिल्या. त्यात परीकुळातली अमरांथा शाप देते. का? तिच्या बहिणीने, क्लिथियाने, एका माणसावर प्रेम केलं आणि त्या माणसाने, ज्युरियनने, तिला मारलं. बहिणीच्या प्रेतावरून उठलेला हा संताप माणसांच्या द्वेषावर उभ्या एखाद्या मोठ्या शोकांतिकेला पुरला असता. मास ते सगळं पूर्वकथेच्या चार उताऱ्यांत उरकते आणि अमरांथाला एक क्रूर राणी करून टाकते. मग उरतं कोडं, त्याचं उत्तर प्रेम, आणि सगळे मोकळे.

इथे खरी गोम आहे. शाप देणारीला चेहरा नसला की शापित पुरुष आपोआप निरपराध ठरतो. तो क्रूर नाही, शापित आहे. तो तुला घाबरवतो, कोंडतो, खोटं बोलतो, पण त्याच्यावर शाप आहे, तू प्रेम कर, तो सुटेल. मासच्या मालिकेच्या दुसऱ्या भागात शापातून सुटलेला टॅम्लिन नायिका फेराला घरात कोंडतो आणि ती निघून जाते. वाटतं, लेखिकेला कळलं. पण लगेच दुसरा नायक ऱ्हिसँड येतो. पहिल्या भागात त्याने तिला रात्रीमागून रात्री मद्य पाजून, शुद्ध हरपेपर्यंत दरबारात नाचवलं होतं. आता कळतं की ते सोंग होतं, तिच्याच भल्यासाठी. एक सबब संपली की दुसरी तयार.

ही युक्ती नवी नाही आणि मराठी वाचकाला ती सांगावी लागू नये. महाभारतातली शकुंतला मुलाला घेऊन दरबारात उभी राहते आणि ओळख नाकारणाऱ्या दुष्यंताला सगळ्यांदेखत खडसावते. त्याला सारं आठवत असतं. लोक काय म्हणतील म्हणून तो खोटं बोलतो. कालिदासाने आपल्या नाटकात मध्ये दुर्वासांचा शाप आणला, राजाची स्मृती हरवली आणि राजा निर्दोष सुटला. त्या नाटकाची थोरवी मी नाकारत नाही, पण तिथे शाप नायकाच्या बाजूने वकिली करतो. उलट किंदम ऋषींचा पांडूला मिळालेला शाप घ्या. स्त्रीसुखाला गेलास तर मरशील. आजच्या कादंबऱ्यांतल्या जीवघेण्या चुंबनाचाच हा सख्खा भाऊ. पण महाभारत आधी मृगरूपातल्या त्या ऋषींना लागलेला बाण दाखवतं, मरताना त्यांनी राजाशी घातलेला वाद ऐकवतं. त्या शापाला कारण आहे, आणि ते पांडूच्या हातून घडलेलं आहे.

हे ज्यांना उमगलं आहे अशा इंग्रजी लेखकांत मी हॉली ब्लॅकला वर ठेवतो. तिच्या परीराज्याच्या मालिकेचं नाव झालं, पण तिचं खरं काम ‘व्हाइट कॅट’पासून (२०१०) सुरू झालेल्या तीन पुस्तकांत आहे. या जगात उघड्या हाताच्या स्पर्शाने शाप लागतो, म्हणून सगळे हातमोजे घालून वावरतात. शाप देणं बेकायदा आहे, म्हणून तो धंदा गुन्हेगारी घराण्यांच्या हातात गेला आहे. आणि प्रत्येक शाप देणाऱ्यावर उलटतो. स्पर्शाने जीव घेणाऱ्याच्या शरीराचा एखादा भाग मरतो. नायक कॅसलच्या आजोबांच्या हाताला काळे पडलेले बोटांचे खुंट आहेत. नातू ते रोज बघतो आणि तरीही आजोबांवर माया करतो. दुसऱ्यांच्या आठवणी बदलणाऱ्या कॅसलच्या भावाच्या, बॅरनच्या, स्वतःच्या आठवणी झिजत जातात, म्हणून तो आपलं आयुष्य वह्यांत टिपून ठेवतो. शेवटी कॅसल त्या वह्यांतच खोटं लिहितो आणि भावाला हवं तसं घडवतो. म्हणजे नायकही धुतल्या तांदळासारखा राहत नाही.

आणि प्रेमाचं काय? लहानपणापासून कॅसलचा जीव लायलावर आहे. भावना बदलण्याची कला असलेली त्याची आई लायलाच्या मनात त्याच्याबद्दल प्रेम भरते, मुलाला भेट म्हणून. जिच्यासाठी तो झुरला तीच मुलगी आता त्याच्या पुढ्यात आहे, आणि तिचा प्रत्येक शब्द आईने घातलेला आहे. तिला जवळ करायचं म्हणजे तिला लुटायचं. संमती म्हणजे काय हे किशोरवयीन वाचकाला इतक्या नेमकेपणाने दाखवणारी दुसरी अद्भुत कादंबरी मला माहीत नाही.

मॅगी स्टीफवॉटरच्या ‘द रेव्हन बॉइज’चे (२०१२) चाहते आता माझ्यावर चिडतील. तिची भाषा मलाही आवडते. पण नायिका ब्लूच्या चुंबनाने प्रियकर मरणार हे नुसतं भाकीत आहे, त्यामागे कुणी नाही. त्या चार पुस्तकांत जिवाला लागतो तो ॲडम पॅरिश, ट्रेलरमध्ये राहणारा, बापाच्या मारामुळे एका कानाने बहिरा झालेला. बापाच्या त्या शापाला हात आहे, नाव आहे. मालिका तिथेच जागी होते.

फ्रान्सिस हार्डिंजच्या ‘अनरॅव्हलर’ने (२०२२) मला हा लेख लिहायला बसवलं. तिच्या रॅडिथ देशात मनात साचलेल्या द्वेषातून शाप जन्मतो, आणि तो पोसणारे शेजारी, आया, कारागीर असतात. केलन नावाचा मुलगा शाप उसवतो, पण त्यासाठी त्याला आधी शाप कुणी आणि का दिला ते हुडकावं लागतं. इथे रहस्य म्हणजे हाच शोध. त्याच्यासोबत फिरणारी नेटल एकेकाळी बगळा होती. सावत्र आईने तिला पक्षी केलं होतं. शाप उसवला, पण ती पूर्वीची मुलगी झाली नाही, आणि तिचा भाऊ तर अजून समुद्रपक्षीच आहे. शाप सुटल्यावर उरलेलं आयुष्य कसं जगायचं, या प्रश्नापाशी हार्डिंज थांबते. इतर लेखिका त्या जागी लग्न लावतात.

या सगळ्यांच्या मागे ॲलन गार्नर उभा आहे. ‘द आउल सर्व्हिस’मध्ये (१९६७) वेल्सच्या एका खोऱ्यात जुनी दंतकथा पिढ्यान् पिढ्या तरुणांवर स्वार होते. आपण धरून चालतो की घरकाम करणाऱ्या बाईचा हुशार मुलगा ग्विन त्या दंतकथेच्या तावडीत सापडलेल्या अ‍ॅलिसनला सोडवणार. पण तो दुखावलेला आहे, त्याला क्षमा करता येत नाही. सोडवतो तो रॉजर, ज्याने त्याची टर उडवली होती, जो आपल्याला आवडतही नाही. अ‍ॅलिसनचं प्रेम मिळवण्याचा तिथे प्रश्नच नाही. एका माणसाने आपला राग खाली ठेवायचा असतो, एवढंच.

म्हणतात, मुलींना हेच आवडतं, त्यांना प्रेमकथा वाचू द्या. वाचू द्याच. पण पंधराव्या वर्षी मुलीला राग येतो, प्रचंड येतो, आणि त्या रागाचं काय करायचं हे तिला कुणी सांगत नाही. शापाची गोष्ट ही रागाची गोष्ट आहे. तिच्यातून रागावणारी बाई काढून टाकून तुम्ही त्या मुलीला फक्त दुसऱ्याच्या रागातून देखण्या पुरुषाला सोडवण्याचं काम देता. हे मनोरंजनही नाही, ही फसवणूक आहे.

आणि प्रेम नीट लिहिता येतं. डायना विन जोन्सने ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ (१९८६) लिहून दाखवलं. सोफी शापाने म्हातारी होते. हाउल गुपचूप तो शाप काढू बघतो आणि त्याला वाटतं की तीच तो धरून बसली आहे. हाउलला हृदय नाही हे खरं, पण ते त्याने स्वतः सौद्यात दिलं आहे, कुणी हिरावलेलं नाही. सोफी त्याच्या घराची झाडलोट करते, त्याच्या नटण्यामुरडण्यावर तोंडसुख घेते, त्याची एकही सबब चालवून घेत नाही आणि त्याच्यावर प्रेम करते. असली नायिका आजच्या मुलींना झेपणार नाही असं ज्या संपादकांना वाटतं, त्यांनी हे पुस्तक इतकी वर्षं कोण वाचतं आहे ते बघावं.