शितावरून भात, पण ढवळलेला

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६अ नुसार मतदानाचा शेवटचा टप्पा संपेपर्यंत मतदानोत्तर चाचण्यांचे आकडे प्रसिद्ध करता येत नाहीत. म्हणून ते त्याच संध्याकाळी पुरासारखे येतात. १ जून २०२४ रोजी बहुतेक चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला ३५० हून अधिक जागा दिल्या. ४ जूनला त्या २९३ निघाल्या. महाराष्ट्रात काहींनी महायुतीला ४८ पैकी तीसच्या आसपास जागा दिल्या होत्या, मिळाल्या १७. नोव्हेंबरच्या विधानसभेत नेमके उलटे झाले. महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांनी मिळून २३० जागा जिंकल्या, आणि इतक्यांचा अंदाज बहुतेकांना आला नव्हता.

एवढ्यावरून चाचण्या म्हणजे थोतांड, असे म्हणणे सोपे आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. मोजमाप म्हटले की त्रुटी आलीच. ती किती, हे सांगताना जी सफाई दाखवली जाते ती खटकते.

पडद्याच्या कोपऱ्यात ‘त्रुटी ३ टक्के’ असे असते. हा आकडा नमुन्यातील माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने १ ला भागून येतो. १००० माणसे विचारली तर सुमारे ३ टक्के, ४०० विचारली तर ५. यात एकूण मतदार किती, हे कोठेच येत नाही. विद्यार्थ्यांना याचे नेहमी नवल वाटते. शितावरून भाताची परीक्षा होते ती पातेले केवढे आहे यावर अवलंबून नसते. मात्र भात नीट ढवळलेला हवा.

मंगरूळपीरसारखा तालुका ढवळलेला नसतो. वाशीम आणि मंगरूळपीर हे दोन तालुके मिळून वाशीमचा राखीव मतदारसंघ होतो. त्यात बाजारपेठेची वस्ती वेगळी, दर्ग्याभोवतालचा मोहल्ला वेगळा, बंजारा तांडा वेगळा, सोयाबीन पिकवणारे खेडे वेगळे. एका तांड्यावरची वीस माणसे विचारली तर वीस स्वतंत्र मते मिळत नाहीत, कारण शेजारीपाजारी बरेचसे एकसारखे मत देतात. समजा ५० ठिकाणी प्रत्येकी २० अशी १००० माणसे गाठली आणि एकाच ठिकाणच्या माणसांमधील सारखेपणाचा गुणांक अवघा ०.०५ धरला. तर त्रुटीचा वर्ग १ + १९ × ०.०५, म्हणजे जवळजवळ दुप्पट होतो. हजार माणसांची किंमत पाचशेवर येते आणि ३ टक्क्यांचे साडेचार होतात. शिवाय जे कामासाठी बाहेरगावी गेले, ज्यांनी उत्तर दिले नाही, ज्यांनी भीडेपोटी खोटे सांगितले, त्यांचा हिशेब कोणत्याच सूत्रात नाही.

हे ज्ञान आपल्याकडे नवे नाही. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीककापणी प्रयोगांसाठी यदृच्छ नमुना निवडीची पद्धत बसवली. कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगवून येते, हेही त्यांनी दाखवले. हे प्रयोग मंगरूळपीरच्या शेतकऱ्याला परिचयाचे आहेत, कारण पीकविम्याची भरपाई त्यांवर ठरते. गावातले कोणते शेत आणि शेतातला कोणता तुकडा, हे तेथे यदृच्छ आकड्यांनी ठरते. कर्मचाऱ्याने रस्त्याकडेचा सोयीचा तुकडा कापला तर शेतकरी भांडायला उठतो. मतदार निवडताना केंद्राबाहेर जो थांबायला तयार झाला तोच नमुना बनतो, आणि भांडायला कोणी उठत नाही. दिल्लीच्या ‘लोकनीती’सारखी संस्था मतदार यादीतून नावे निवडून घरी जाते, आपली पद्धत छापते. वाहिन्यांवरील बहुतेक चाचण्यांबाबत एवढेही कळत नाही.

मतांवरून जागा काढणे ही तर आणखी निसरडी पायरी. २०२४ च्या लोकसभेत महाराष्ट्रातील दोन आघाड्यांच्या मतांत एका टक्क्याचाही फरक नव्हता. जागा मात्र ३० आणि १७. मुंबई वायव्य मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला.