कुलाबा आणि सिंधुदुर्ग एकाच कागदावर

वडिलांच्या गाडीच्या खणात वर्षानुवर्षं पडून असलेला महाराष्ट्राचा रस्त्यांचा नकाशा आता माझ्याकडे आला आहे. घड्यांवर कागद विरलाय. कऱ्हाडच्या जागी तर भोकच पडलंय. प्रकाशनाचं साल कुठेही छापलेलं नाही, तेव्हा ते नकाशालाच विचारायचं.

पहिली उत्तरं भराभर मिळतात. दक्षिणेच्या शेजाऱ्याचं नाव म्हैसूर नाही, कर्नाटक आहे. म्हणजे नकाशा नोव्हेंबर १९७३ नंतरचा. पैठणला नाथसागर निळ्या रंगाने भरलाय. जायकवाडीचं लोकार्पण १९७६ मधलं. मग पनवेल-अलिबागच्या पट्ट्यावर ठळक अक्षरं भेटली: कुलाबा. या जिल्ह्याचं रायगड झालं १ जानेवारी १९८१ रोजी, अंतुले मुख्यमंत्री असताना. झालं, १९७६ ते १९८०! समासात पेन्सिलीने मी तसं लिहूनही टाकलं.

त्यानंतर सहज म्हणून बोट मुंबई-गोवा रस्त्याने खाली नेलं. चिपळूण, हातखंबा, राजापूर. खारेपाटणपाशी एक सीमारेषा आडवी आली आणि तिच्या खाली, सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, दाटीवाटीने बसवलेलं नाव होतं सिंधुदुर्ग. रत्नागिरीतून हा जिल्हा वेगळा निघाला १ मे १९८१ रोजी. ज्या दिवशी सिंधुदुर्ग जन्मला, त्या दिवशी कुलाबा हे नाव जाऊन चार महिने झाले होते!

या नकाशाचं सगळं सौंदर्य मला या विसंगतीत दिसतं. भिंग लावलं की कळतं, सिंधुदुर्गाची रेघ इतर सीमांपेक्षा बारीक आहे, अक्षरांचं वळणही निराळं. औरंगाबादच्या अंगातून काढलेल्या जालन्याचंही तसंच. कुणीतरी जुन्या छपाईच्या प्लेटवर दोन नवे जिल्हे हाताने बसवले आणि कुलाब्याकडे त्याची नजरच गेली नाही. उजनीच्या जलाशयातही त्याच हाताची खूण सापडते. १९८० साली पुरं झालेल्या धरणाचं निळं पाणी नव्याने भरलंय, पण काळ्या प्लेटवरचा जुना गाडीरस्ता तसाच राहिलाय. पळसदेवच्या बाजूला तो पाण्यात शिरतो आणि पलीकडच्या काठाला निघतो. गाव हललं, रस्ता बुडाला, इथे मात्र तो अजून वाहता आहे. त्या रेघेवर मी बराच वेळ थांबलो.

तेव्हा साल ठरवायचं ते नकाशावरच्या सगळ्यात नव्या गोष्टीवरून. जुनं नाव चुकून मागे राहू शकतं. जो जिल्हा अजून झालाच नाही, तो चुकूनही छापला जात नाही. (तुटक रेषेने दाखवलेल्या नियोजित रस्त्यांवर मात्र हा भरवसा ठेवू नये; ते प्रत्यक्षात येण्याच्या कितीतरी आधी कागदावर येतात.)

वरची मर्यादा ठरवणं अवघड. लातूर इथे उस्मानाबाद जिल्ह्यातलं एक गाव आहे, गडचिरोली चंद्रपुरात. दोन्ही जिल्हे ऑगस्ट १९८२ मध्ये झाले. पण कुलाबा विसरणारा माणूस लातूरही विसरला असेल, ही शंका उरतेच. म्हणून पेन्सिलीची नोंद खोडून मी नवी लिहिली आहे: मे १९८१ नंतरचा नक्की, ऑगस्ट १९८२ पूर्वीचा बहुधा.

तुमच्या घरी असा बिनसालाचा नकाशा असेल तर रद्दीत टाकू नका. अलगद उलगडा, आणि आधी लातूर कोणत्या जिल्ह्यात आहे ते पाहा.