आरोग्यसेवा आणि आर्थिक विकास : सॅक्स आयोगाच्या अहवालाची चिकित्सा

जागतिक आरोग्य संघटनेने नेमलेल्या समग्रलक्षी अर्थशास्त्र व आरोग्य आयोगाचा अहवाल डिसेंबर २००१ मध्ये सादर झाला. जेफ्री सॅक्स हे आयोगाचे अध्यक्ष होते, तर सदस्यांत डॉ. मनमोहन सिंग यांचा समावेश होता. आरोग्यावरील खर्च हा निव्वळ खर्च नसून ती विकासातील गुंतवणूक होय, हे या अहवालाचे मध्यवर्ती प्रतिपादन आहे. जन्मवेळच्या आयुर्मानात १० टक्के सुधारणा झाल्यास, अन्य घटक स्थिर असता, वार्षिक वृद्धिदरात किमान ०.३ ते ०.४ टक्का इतकी भर पडलेली आढळते, असे त्यात म्हटले आहे. हे विधान आपल्याकडील शोधनिबंधांतून वारंवार उद्धृत होते. मात्र त्यामागील गणित क्वचितच तपासले जाते.

निरोगी आयुष्याच्या वाचलेल्या प्रत्येक वर्षाचे मूल्य अहवालाने गरीब देशांतील वार्षिक दरडोई उत्पन्नाइतके धरले आहे. आयोगाने हा अंदाज सावधपणे केला हे मान्य केले, तरी त्यातील तर्क अस्वस्थ करणारा आहे. देश जितका दरिद्री, तितके तेथील माणसाचे वर्ष स्वस्त! मग वृद्ध, अपंग, काम न करू शकणारी विधवा यांच्या उपचाराचे समर्थन या चौकटीत कोणत्या आधारे करावयाचे?

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. आजारामुळे होणारे कौटुंबिक कर्ज अहवालाने दुर्लक्षिलेले नाही. खिशातून होणाऱ्या खर्चाऐवजी आगाऊ वर्गणीची व्यवस्था तो सुचवितो. परंतु त्याचा मुख्य भर बुडालेल्या श्रमावर आहे. विदर्भातील कोरडवाहू कुटुंबात आजार केवळ मजुरी बुडवीत नाही, तो भांडवलच काढून नेतो. शस्त्रक्रियेसाठी अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. सोबत जाणाऱ्याचीही मजुरी बुडते. बैलजोडी विकली जाते, पुढे शेत गहाण पडते. रुग्ण बरा होऊन परततो तेव्हा श्रमशक्ती शिल्लक असते, पण ती राबविण्यास स्वतःचे शेत उरलेले नसते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात हे शेत कोठेच गेलेले नाही, केवळ त्याचा मालक बदलला आहे.

उपलब्धता म्हणजे इमारत नव्हे, हे गडचिरोलीने दाखवून दिले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांमार्फत नवजात बालकांवर घरीच उपचार केले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला. खर्च प्रतिबालक अवघा ५.३ डॉलर. येथे गुंतवणूक नगण्य होती. अंतर मात्र नाहीसे झाले होते.

महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये सुरू केलेली जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. ती मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. रक्तदाब वा मधुमेहाच्या दरमहाच्या गोळ्या तिच्या कक्षेबाहेर राहतात, आणि घर पोखरणारा खर्च बहुधा हाच असतो.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील खिशातून होणाऱ्या खर्चाचे प्रमाण २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आले. शासकीय खर्च त्या वर्षी स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे लक्ष्य ठेवले होते. घट स्वागतार्ह आहे, परंतु तिचा अर्थ जपून लावावा लागतो. सोयाबीनची सोंगणी बुडेल म्हणून तपासणी दिवाळीनंतरवर ढकलणाऱ्या मेहकर तालुक्यातील शेतमजूर स्त्रीचा खर्च या आकडेवारीत शून्य असतो.