माने म्हणजे कुठले?

वसंत सबनीसांच्या लेखणीवर मी पोट धरून हसलोय, हे आधीच कबूल करतो. नाहीतर मित्र म्हणतील, याला विनोदाचंच वावडं.

१९६५ ला त्यांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ आलं. गण, गवळण, बतावणी हा ऐवज आपल्या आयाबायांनी, ढोलकीवाल्यांनी कनातीत घाम गाळून जपलेला. सबनीसांनी तो पांढरपेशांच्या थिएटरात नेला, पण दात पाडून नेला नाही. हवालदार आस लावून बसतो नि कोतवाली जाते प्रधानाच्या नातलगाला! सरकारी वशिल्याला असा जोडा कमीच लोकांनी हाणलाय. मग १९७१ ला ‘सोंगाड्या’ लिहिला, दादा कोंडके घराघरांत पोचले.

माझं भांडण आहे ते १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’शी. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’ची, पण पुणं, घरमालक, बोलण्याची फेक सगळी सबनीसांची. चार पोरांना खोली पाहिजे. लीलाबाई काळभोरांना भाडेकरू हवेत जोडप्यांनी राहणारे. मग सुधीरची सुधा होते, परश्याची पार्वती.

च्यायला, खोलीसाठी खोटं बोलणं हा तर आपला जुना धंदा! बाबुराव बागुलांनी ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ लाच छापलं. त्यातला रेल्वेतला गडीही भाड्याच्या खोलीसाठी बनवाबनवीच करतो. फक्त उघडं पडल्यावर त्याला माफी मिळत नाही, मार मिळतो.

इथं नायकाचं नाव धनंजय माने. माने मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत, ‘उपरा’ लिहिणारे लक्ष्मण माने कैकाडी. आणि अख्ख्या पिच्चरमध्ये एक माणूस विचारत नाही, माने म्हणजे कुठले? लग्न विचारतात, भाडं ठरवतात, आडनाव तसंच आत सोडतात. असलं पुणं मी पाहिलेलं नाही. मला एका वाड्यात आधी गाव विचारलं, मग तालुका, मग गावात घर कुठल्या अंगाला. चहा अर्धा राहिला.

सबनीसांनी मुद्दाम टाळलं असं मी म्हणत नाही. त्यांना हा प्रश्न कधी कुणी विचारलाच नसणार. दरबाराची खोड काढणारी लेखणी वाड्याच्या उंबऱ्यावर आली, तेव्हा तिला तिथला खरा पहारेकरी दिसलाच नाही.

टीव्हीवर पिच्चर लागला की आमच्या घरात सगळे खिदळतात. आई पण. फक्त लीलाबाईंचं दार आलं की ती दरवेळी म्हणते, “बघ, हिनं गाव इचारलंच नाय.”