दुकुह पारुक : माया आणि जाब

अहमद तोहारी यांची ‘रोंग्गेंग दुकुह पारुक’ ही कादंबरी आकाशातून सुरू होते. जावा बेटाच्या मध्यभागातला बान्यूमास परिसर, कोरडा ऋतू. बगळ्यांची एक जोडी वाऱ्यावर तरंगत पाणी शोधते आहे आणि खाली मैलोगणती भातखाचरं वाळून टणक झाली आहेत. त्या तपकिरी पसाऱ्यात मधोमध झाडांचा एक लहानसा पुंजका दिसतो. तीच दुकुह पारुक ही वाडी. तेवीस घरं, सगळी एकाच मूळपुरुषाची. बाहेरच्या जगाशी तिला जोडणारं काही असेल तर फक्त खाचरांचे बांध.

मग लेखक आपल्याला खाली आणतो तो थेट मातीत. तीन पोरं कसावाचं एक रोप उपटायला झटताहेत. जमीन इतकी कडक झाली आहे की टोकदार काठीही आत शिरत नाही. माती भिजवायला पाणी हवं, तर पाणी कुठेच नाही. शेवटी तिघं त्या बुंध्याशी लघवी करतात, माती जरा सैल होते आणि कंद निघतो. तो तिथेच, कच्चाच खाल्ला जातो. ज्या कंदापासून आपल्या उपासाचा साबुदाणा होतो, तोच हा कंद. या वाडीत मात्र तो रोजची भूक भागवतो. प्रसंग खेळकर आहे, पोरं हसताहेत. पण दुष्काळ म्हणजे काय, हे सांगणारं एकही वाक्य न लिहिता तोहारींनी तो संपूर्ण सांगून टाकला आहे.

गावाकडच्या कादंबऱ्यांत निसर्ग बहुधा पडद्यासारखा मागे टांगलेला असतो. तोहारींच्या लेखनात तो कथानकाला ढकलतो. सुरुवातीच्याच पानांत एक चिमणीएवढा पक्षी जिवाच्या आकांताने उडत असतो आणि ससाणा त्याचा पाठलाग करत असतो. हे वर्णन वाचताना नुसतं वर्णन वाटतं. पुढे नायिका स्रिंतिलची गोष्ट उलगडू लागली की कळतं, लेखकाने आपली नजर आधीच तयार करून ठेवली होती.

कंद खाऊन झाल्यावर ती पोरं स्रिंतिलकडे जातात. अकरा वर्षांची, आईबापाविना वाढलेली ही मुलगी फणसाखाली बसून पानांचा मुकुट गुंफते आहे. पोरं तोंडानेच ढोल, घंटा आणि बांबूचं चालुंग वाजवू लागतात आणि ती नाचायला लागते. कुणी न शिकवता तिचे डोळे आणि मान एखाद्या मुरलेल्या नाचणारणीसारखी वळते. तिचा आजा सकार्या हे चोरून पाहतो आणि ठरवून टाकतो, हिच्या अंगात रोंग्गेंगचा आत्मा उतरला. कित्येक वर्षांत वाडीला रोंग्गेंग, म्हणजे मैफली गाजवणारी नर्तिका, मिळालेली नसते. तिच्याशिवाय वाडीला वाडीपण नाही, अशी सगळ्यांची श्रद्धा. मुलांचा खेळ संपतो आणि मोठ्यांचा विधी सुरू होतो. या एका वळणावर सगळी कादंबरी तोललेली आहे.

स्रिंतिल पोरकी का झाली, हे सांगणारा भाग मला या पुस्तकातला सर्वांत थोर वाटतो. साल 1946. तिचा बाप सांतायिब तेंपे बोंग्क्रेक बनवून विकतो. सोयाबीन आंबवून केलेलं तेंपे जावामध्ये सर्वत्र खातात. बोंग्क्रेक हा त्याचा गरिबांचा प्रकार, खोबऱ्याच्या चोथ्यापासून किंवा पेंडीपासून केलेला. आंबवताना नको तो जिवाणू वाढला तर त्यात जे विष तयार होतं, त्याला ना वास ना चव, आणि शिजवूनही ते जात नाही. बान्यूमास भागात अशा विषबाधेने खरोखर माणसं मेली आहेत. 1988 मध्ये इंडोनेशियाच्या सरकारने या पदार्थावर बंदी घातली. कादंबरीत एका सकाळी वाडीतली माणसं पटापट कोसळू लागतात आणि सगळे सांतायिबच्या दारात येतात. आपला माल निर्दोष आहे हे दाखवायला तो सगळ्यांदेखत बोंग्क्रेक तोंडात कोंबतो. त्याची बायकोही खाते. दोघंही मरतात. मागे उरते तान्ही स्रिंतिल.

सांतायिब खोटारडा नाही, खुनीही नाही. त्याचा आपल्या हातच्या मालावर खरा विश्वास आहे आणि त्या विश्वासावर तो जीव पणाला लावतो. गावाला यात मूळपुरुष सेचामेंग्गालाच्या आत्म्याचा कोप दिसतो. वाचकाला दिसते ती साखळी: कोरडी जमीन, रिकामं पोट, पेंडीवर काढलेले दिवस आणि त्या पेंडीतलं विष. कारण न कळल्यामुळे गाव दोनदा मरतं, एकदा विषाने आणि पुन्हा अज्ञानाने. तोहारी हे पुढे येऊन कुठे बजावत नाहीत. घटना एकापुढे एक मांडत जातात.

त्यांना हे जमलं, कारण ते या मातीतलेच आहेत. 1948 मध्ये बान्यूमासमधल्या तिंग्गारजाया गावी त्यांचा जन्म झाला, आणि जकार्तातलं संपादकाचं काम सोडून ते गावीच परतले. तरीही गावावरची माया त्यांना आंधळं करत नाही. स्रिंतिलला रोंग्गेंग करताना गाव एका लहान मुलीची बोली लावतं आणि त्याला परंपरा म्हणतं. लेखक त्या विधीला सुंदर करून दाखवत नाही आणि गावकऱ्यांना राक्षसही करत नाही. हा अन्याय आपण रासुसच्या डोळ्यांनी पाहतो. विषबाधेत आई गमावलेला हा मुलगा स्रिंतिलमध्ये आईचा चेहरा शोधत असतो, म्हणून गावाचा निर्णय त्याला आतून कापतो. तो वाडी सोडून बाजारपेठेच्या दावुआनला जातो आणि पुढे शिपाई होतो.

1982 मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या या पहिल्या भागानंतर 1985 आणि 1986 मध्ये पुढचे दोन भाग आले. त्यांत ही अडाणी वाडी 1965 च्या कम्युनिस्टविरोधी राजकीय वादळात सापडते. निवडणूक, पक्ष, क्रांती यांतलं काहीही न समजणाऱ्या माणसांना कुणी ध्वनिक्षेपक देतं, कुणी सभेत नाचायला बोलावतं. आणि नंतर त्याच नाचापायी घरं जळतात, स्रिंतिल तुरुंगात जाते. त्या काळात इंडोनेशियात किमान पाच लाख माणसं मारली गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंची सत्ता चालू असताना हे लिहिणं धाडसाचं होतं. गाळलेला मजकूर वाचकांना 2003 च्या एकत्रित आवृत्तीत परत मिळाला. 2011 मध्ये ‘सांग पेनारी’ हा चित्रपटही आला; पण बगळ्यांच्या उंचीवरून कंदाच्या मुळापर्यंत नेणारी नजर पुस्तकातच भेटते.

मला या कादंबरीचं मोठेपण एकाच गोष्टीत दिसतं. गरिबी हे दुकुह पारुकच्या वागण्याचं कारण आहे, हे तोहारी पानोपानी दाखवतात. तिला त्या वागण्याची सबब मात्र होऊ देत नाहीत. खेड्यावर लिहिताना एक तर गहिवर येतो किंवा तिरस्कार. दोन्ही टाळून, गावाला पोटाशी धरून त्याला जाब विचारणारं हे पुस्तक आहे. ‘द डान्सर’ या नावाने त्याचं इंग्रजी भाषांतर झालेलं आहे. खेड्यातून आलेल्या आणि खेड्याची आठवण जपणाऱ्या प्रत्येक मराठी वाचकाने ते जरूर मिळवून वाचावं.